डीएफए झालेला पिचर कोरियात का जातो? क्लब बदलत फिरणाऱ्या ‘जर्नीमन’ बेसबॉलपटूचा हिशेब

डिचोलीकर
मेजर लीगचे, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वात वरच्या बेसबॉल लीगचे, संध्याकाळचे सामने आपल्याकडे पहाटे साडेचार-पाचला सुरू होतात. संघाची यादी उघडली की दर आठवड्याला तेच दिसतं. कालपर्यंत खेळणारा पिचर (चेंडू टाकणारा) आज ‘डीएफए’ (यादीतून काढलेला), मग दुसऱ्याच शहरात, मग ट्रिपल-ए (मेजरच्या लगेच खालची पातळी), आणि डिसेंबरात कोरियातल्या क्लबच्या टोपीत. आपल्याकडे गोव्याच्या फुटबॉलमध्ये धेंपो किंवा चर्चिल क्लबचा खेळाडू करार चालू असताना दुसरीकडे जायचा तर दोन्ही क्लबांबरोबर त्याचीही सही लागते. रणजीसाठी बाहेरचा खेळाडू घ्यायचा तर त्याच्या असोसिएशनची एनओसी लागते. बेसबॉलमध्ये खेळाडूला कोणी विचारतं की नाही? ऑप्शन, वेव्हर, डीएफए हे कुठल्या क्रमाने येतं? आणि मेजर लीगचं दार समोर असताना माणूस परदेशी कधी आणि का जातो?

फोंड्याचा कॅचर
डिचोलीकरबाब, बहुतेकांना विचारलं जात नाही. ट्रेड (दुसऱ्या क्लबशी अदलाबदल) नाकारायचा हक्क आपोआप मिळतो तो मेजर लीगमध्ये १० वर्षं आणि त्यातली शेवटची ५ एकाच क्लबात काढलेल्याला. जर्नीमनला तो मिळणार कुठून? एडविन जॅक्सन २००३ ते २०१९ या काळात १४ क्लबांकडून खेळला.

आता क्रम. क्लबकडे दोन याद्या असतात. २६ जण प्रत्यक्ष खेळायला, आणि त्यांना धरून ४० जणांची राखीव यादी. ४० मधल्या खेळाडूला क्लब साधारण तीन हंगामांत मायनरमध्ये, म्हणजे खालच्या लीगांत, खाली-वर करू शकतो, ते ऑप्शन. एका हंगामात खाली काढलेले दिवस २० च्या आत राहिले तर ते वर्ष मोजत नाहीत. २०२२ पासून एका हंगामात पाचपेक्षा जास्त वेळा ऑप्शनवर खाली पाठवता येत नाही.

तीन वर्षं संपली की खरी अडचण सुरू होते. आता वेव्हरवर, म्हणजे बाकीच्या क्लबांपुढे, ठेवल्याशिवाय खाली पाठवता येत नाही. त्यासाठी, किंवा यादीत जागा करायला, क्लब डीएफए करतो. नाव ४० मधून लगेच निघतं आणि क्लबला सात दिवस मिळतात: ट्रेड, वेव्हर किंवा सरळ सुट्टी. वेव्हरवर बाकीचे क्लब त्याला उचलू शकतात, पहिला मान गुणतक्त्यात खाली असलेल्याला. कोणीच उचललं नाही तर ‘आउटराइट’ होऊन तो ट्रिपल-एला जातो, ४० च्या बाहेर.

हे नाकारता येतं, पण आधी एकदा आउटराइट झालेला असेल किंवा मेजरची तीन वर्षं भरली असतील तरच. इथेच फसायला होतं. पाच वर्षं भरलेला नाकारतो तेव्हा ठरलेला पगार त्याच्याकडे राहतो. पाचच्या आतल्याने नाकारलं तर उरलेल्या पगारावर पाणी सोडावं लागतं. एजंटला पहिला प्रश्न हाच विचारायचा: माझी मेजरमधली सेवा किती वर्षं, किती दिवस?

मडगाव स्टँड
वर कॅचरने सेवेच्या दिवसांचं लिहिलंय, त्याला पैसे जोडतो म्हणजे चित्र पुरं होईल.

२०२५ चा मेजरचा किमान पगार ७,६०,००० डॉलर. हंगामाचे १८६ दिवस धरले तर दिवसाला सुमारे ४,०८६. ट्रिपल-एचा किमान पगार २०२३ च्या करारात वर्षाला ३५,८०० डॉलर ठरला. म्हणजे वर काढलेले नऊ दिवस खालच्या अख्ख्या वर्षाला भारी. म्हणून ही माणसं सुटकेस न उघडता फोनची वाट बघतात. ४३ दिवस भरले की पेन्शनचा हक्क लागू होतो आणि १७२ दिवसांचं एक सेवावर्ष धरतात. करार बहुधा ‘स्प्लिट’ असतो: वर असतानाचा दर वेगळा, खालचा वेगळा. सही करताना वरचा आकडा डोळ्यात भरतो, पण हंगामातले बहुतेक दिवस मिळणार असतो तो खालचा. तोच घासून घ्यावा.

दोनापावला
परदेशाचं. माझ्या मते ऑप्शन संपलेला, २७ ते ३० वयाचा, वर-खाली करून थकलेला पिचर कोरियाला गेला तर तो शहाणपणाच करतो. केबीओत, म्हणजे कोरियाच्या लीगमध्ये, १० क्लब, प्रत्येकाला आशियाई कोटा सोडून तीन परदेशी, आणि पिचर गेला की ठरावीक दिवशी सुरुवात त्याचीच. नवीन परदेशी खेळाडूवर पहिल्या वर्षी एकूण १० लाख डॉलरची मर्यादा आहे. यात पगार, साइनिंग बोनस, कामगिरीची रक्कम, आणि जुन्या क्लबला द्यायची सोडवणुकीची रक्कमसुद्धा येते. जुना क्लब जेवढे मागेल तेवढे खेळाडूच्या हिश्श्यातून जातात. म्हणून मायनरच्या करारातच ‘आशियातून बोलावणं आलं तर सोडावं’ असं कलम घालून घ्यायचं आणि सोडवणुकीचा आकडाही तिथेच बांधायचा.

जपानमध्ये १२ क्लब. पैसा जास्त मिळू शकतो, पण एका सामन्यात परदेशी चारच. पाचवा-सहावा असलात तर सामन्याबाहेर किंवा निगुनमध्ये, म्हणजे दुसऱ्या संघात बसाल. सुरुवातीचा पिचर तिथे आठवड्यातून एकदा टाकतो, अमेरिकेत बहुधा पाचव्या-सहाव्या दिवशी. जपानी चेंडू किंचित लहान आणि बोटांना चिकटणारा. परतल्यावर मेजरचा चेंडू गुळगुळीत लागतो, बोट सुटतं आणि स्लायडर (वळणारा चेंडू) वरच राहतो. परतायचं असेल त्याने हिवाळ्यातच अमेरिकी चेंडू हातात घ्यावा.

हा रस्ता एकतर्फी नाही. कोल्बी लुइस हिरोशिमात दोन हंगाम काढून २०१० मध्ये टेक्सासला परतला आणि त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजमध्ये (मेजरच्या अंतिम मालिकेत) सामना जिंकला. मेरिल केली मेजरमध्ये एकही सामना न खेळता कोरियाला गेला, चार हंगाम टाकले, २०१९ मध्ये ॲरिझोनाकडून पदार्पण केलं आणि २०२३ च्या वर्ल्ड सिरीजमधला दुसरा सामना जिंकला. दोघांनाही तिकडे सलग डाव मिळाले. वर-खाली होणाऱ्याला नेमकं तेच मिळत नाही.

डिचोलीकर
सगळ्यांचे आभार. शाळेतली मुलं अमेरिकेत बेसबॉल खेळायला गेलेल्या आपल्या रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेलचं विचारतात, त्यांचं काय झालं?

फोंड्याचा कॅचर
दोघेही भालाफेकपटू. २००८ मध्ये मेजरमधल्या पिट्सबर्ग पायरेट्सशी करार झाला. पटेलला २०१० च्या शेवटी सोडलं. रिंकू सिंग मायनरच्या लो-ए पातळीपर्यंत चढला, ऑस्ट्रेलियात कॅनबेराकडूनही टाकलं, मग दुखापतींनी अडवलं.

मुलांचं कोपर आधी जपा. बेसबॉलचा चेंडू क्रिकेटच्या चेंडूपेक्षा हलका, पण गोलंदाजीत हात सरळ फिरतो आणि पिचिंगमध्ये वाकलेल्या कोपराच्या आतल्या लिगामेंटवर ताण येतो. ते तुटलं तर शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्ष बाहेर. मेजर लीगचीच मार्गदर्शक मर्यादा आहे: १५-१६ वयाला दिवसाला जास्तीत जास्त ९५ चेंडू, आणि ७६ किंवा जास्त झाल्यास चार दिवस विश्रांती. पावसाळ्यात मैदान बंद असतं, मग चवथीनंतर मुलं एकदम पूर्ण जोराने टाकायला लागतात. तेव्हा पहिले चार आठवडे अंतर आणि जोर हळूहळू वाढवा, आणि मोजणीची वही तुमच्याकडे ठेवा, मुलाकडे नको.