एकाच लॅपटॉपवर जावा ८ आणि १७ : जावा होम बदलूनही १७च दिसतं

इंदिरानगरची:
नमस्कार. सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं गेटपासचं सॉफ्टवेअर मी सांभाळते. ते जावा ८ वर, बिल्ड (कोडपासून प्रोग्रॅम बनवणं) अँट या टूलने. घरचा नवा प्रोजेक्ट स्प्रिंग बूट ३ या जावा फ्रेमवर्कचा. त्याला किमान १७ लागतं, म्हणून विंडोजवर तेही टाकलं. परवा छोटा बदल करून जार (तयार जावा प्रोग्रॅमची फाइल) पाठवली. माझ्याकडे छान चालली, तिकडे सुरूच होईना. 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन', पुढे ६१ आणि ५२ असे आकडे. दोन तास गेटवर ट्रकची रांग, आणि वॉचमन काका हाताने पास लिहीत बसले. फार वाईट वाटलं. आता जावा होम (जावा कुठल्या फोल्डरात आहे ते सांगणारी सेटिंग) ८ वर नेलं, युजर पाथमध्येही (प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांची यादी) ८ घातलं, तरी व्हर्जन विचारलं की १७च! तीनदा काढून परत टाकलं. कुठे चुकतंय?

अंबडकर:
ताई, परत टाकू नका, दुखणं पाथच्या क्रमात आहे. ६१ म्हणजे १७ ने बनवलेली क्लास फाइल (कोडचं जावाला चालवता येणारं रूप). जावा ८ ला ५२ पर्यंतच कळतं. अँट जावा होम बघतं, पण टर्मिनलमधलं 'जावा' पाथमधून उचललं जातं. विंडोज आधी सिस्टिम पाथ वाचतं, मग युजर. 'व्हेअर जावा' ही कमांड मारा, बहुतेक वर ओरॅकलचं 'जावापाथ' फोल्डर दिसेल. सिस्टिम पाथमध्ये त्याच्याही वर जावा होममधलं बिन फोल्डर ठेवा, मग नवी खिडकी उघडा. जुनीला बदल कळत नाही.

मी दोन बॅच फाइल ठेवल्यात, ८ ची आणि १७ ची. त्यातल्या 'सेट' कमांडने जावा होम आणि पाथ त्या खिडकीपुरतेच बदलतात. 'सेटएक्स'ने पाथ मात्र बदलू नका. ते १०२४ अक्षरांवर कापतं. माझा अर्धा पाथ असाच गेला होता.

आणि बिल्ड फाइलमध्ये जावासीला (जावाच्या कंपायलरला) रिलीज ८ लिहाच. चुकून १७ लागलं तरी ५२ चीच फाइल निघेल.

गंगापूर रोड:
लिनक्सवर असाल तर एसडीकेमॅन हे जावाच्या आवृत्त्या बदलायचं टूल घ्या. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये व्हर्जन लिहून ठेवायचं, 'एसडीके एन्व्ह' म्हटलं की झालं.

इंदिरानगरची:
दादा, पहिली ओळ जावापाथचीच निघाली! क्रम बदलला, रिलीज ८ लिहिलं, आणि या वेळी पाठवण्याआधी जार जावा ८ वरच चालवून बघितली. आज सकाळी वॉचमन काकांनी पहिल्या छापील पासचा फोटो पाठवला, ८ वाजून ४० मिनिटांचा.