जर्मनीला फराळ पाठवायचाय, कोणतं कुरिअर?

नौपाडेकर: मुलगी म्युनिकला शिकते. चार किलो फराळ पाठवायचाय, बजेट तीन हजार. स्टेशनजवळचा एजंट 'डीएचएलनेच जाईल' म्हणतो, दुसरा ब्लू डार्टचं नाव घेतो. दोन्ही एकच का? द्यावं कुणाकडे?

वाशी_१७: डोळे मिटून डीएचएल एक्स्प्रेस. भावाला लंडनला आम्ही त्यानेच पाठवतो. दोन-तीन हजार जास्त गेले तर जाऊ देत, पोराबाळांसाठीच असतं ना.

घोडबंदरवाली: एजंटच्या पावतीवर एअरवे बिल नंबर, म्हणजे पार्सल कुठे आहे ते शोधायचा नंबर, कुणाचा आहे ते आधी बघा. मला दुकानाचाच नंबर दिला होता. पार्सल अडकल्यावर कंपनीला फोन केला, तर त्यांच्याकडे नोंदच नाही! चकल्यांचा भुगा पोचला.

ऐरोलीकर: डीएचएल 1969 साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाली. डॅल्सी, हिलब्लॉम, लिन या तिघांची आद्याक्षरं. 2002 पासून ती पूर्णपणे डॉइचे पोस्टची, म्हणजे जर्मन टपालाची. ब्लू डार्ट 1983 ची, आपल्या मुंबईतली. तिचे 75 टक्के शेअर डीएचएलकडे.

कोपरी_पूर्व: म्हणजे सरकारीच की. फेडेक्स घ्या.

ऐरोलीकर: सरकारी नाही हो. केएफडब्ल्यू या सरकारी बँकेकडे वीस टक्क्यांहून कमी शेअर आहेत.

वाशी_१७: म्हणजे डीएचएलच. मी काय सांगत होतो?

कळवा_नाका: खोक्याकडे लक्ष द्या! लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि 5000 ने भागा. 40×30×30 चा खोका 7.2 किलोचा धरून भाव लावतात, आत चारच किलो असले तरी. पेढे-बर्फी अजिबात नको, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ पाठवता येत नाहीत. भेटवस्तूची किंमत 45 युरोच्या आत असली तर कस्टम ड्यूटी लागत नाही. आणि पोस्टाच्या नादी लागू नका, दिवाळी निघून जाईल.

कोपरी_पूर्व: पोस्ट नकोच.

नौपाडेकर: ऐरोलीकर, पोस्टाचं पार्सल तिकडे वाटतं कोण?

ऐरोलीकर: डीएचएलच, पण त्यांचा पार्सल विभाग. एक्स्प्रेसचं जाळं वेगळं, त्यांची विमानं लाइपझिगच्या हबला उतरतात.

नौपाडेकर: मग पोस्टानेच पाठवतो, या आठवड्यातच. चिवडा, चकली, कडबोळी टिकतात. तुपातले लाडू ठेवून घेतले.

वाशी_१७: अहो, एक्स्प्रेसचा भाव विचारून तरी बघा!

घोडबंदरवाली: चकल्या प्लास्टिकच्या डब्यात भरा, कडेने चिवडा दाबून.