मदत हवी आहे: हरणाऱ्या संघातली मुलं थांबवायची कशी?

नमस्कार. नाशिकला इंदिरानगर भागात मी अठरा वर्षांखालच्या मुलांचा बास्केटबॉल संघ सांभाळतो. सलग तीन हंगाम पहिल्याच फेरीत गारद. आता बारापैकी चौघं, त्यात आमचा पॉइंट गार्डही (चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा), दुसऱ्या क्लबात जायचं म्हणतायत.

सकाळचा जादा सराव ठेवून पाहिला, उलट दोघं दांड्या मारू लागले. पालकांशी बोललो, फी निम्मी केली. भांडणं नाहीत. कोर्ट आठवड्यातून तीनच संध्याकाळी मिळतं, दुसरा प्रशिक्षक परवडणार नाही. तेवढं सोडून सुचवा.

पोरं एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, दाखले देतात. केविन गार्नेट बारा हंगाम मिनेसोटात झिजला, 2007 मध्ये बॉस्टनला गेला आणि 2008 मध्ये विजेता! यावर काय बोलणार? पण डेट्रॉइट पिस्टन्स 2023-24 मध्ये सलग 28 सामने हरले, हंगामात जेमतेम 14 जिंकले. पुढच्याच हंगामात 44. मुख्य तरुण खेळाडू तेच, टोबायस हॅरिससारखे अनुभवी आले आणि प्रशिक्षक बदलला. (हे शेवटचं मी पोरांना सांगितलेलं नाही.) म्हणून वाटतं, पोरं नुसत्या हरण्याला कंटाळत नाहीत. उद्याही हेच असणार, असं दिसलं की पाय काढतात.

रविवारी चौघांशी बोलायचंय. कुणी अशा संघातून गेला असाल किंवा असा संघ सांभाळला असेल, तर सांगा: निकाल सोडून कोणती सुधारणा त्यांना आकड्यांत दाखवता येईल? आणि पॉइंट गार्डला थांबवू की खुशाल जाऊ देऊ?