फिजिओथेरपिस्ट मित्रांनो, मदत हवी आहे: एसीएलचा रुग्ण मशीनच मागतो, हाताने करायच्या उपचाराला वेळ कुठून द्यायचा?

एसीएलच्या (गुडघ्यातल्या एका अस्थिबंधाच्या) ऑपरेशननंतर दुसरा-तिसरा आठवडा. गुडघा 90 अंश वाकतो, पण सरळ होताना शेवटचे 5-10 अंश अडकतात. रुग्णाची अपेक्षा मात्र ठरलेली: 15-20 मिनिटं आयएफटी (दुखणं कमी करायला सौम्य विद्युतप्रवाह देणारं मशीन), शेक, वर थोडं मालिश. ‘पैसे भरलेत, मशीन तरी लावा.’

वाकणं पुढेही वाढवता येतं, सरळ होणं राहिलं तर लंगडणं आणि वाटीभोवतीचं दुखणं मागे लागतं. म्हणून वाटी हाताने वर-खाली सरकवणं, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी (घरी हमखास गुडघ्याखालीच उशी जाते!), मांडी आवळून 5 सेकंद धरणं, असं 10 वेळा. पाय सरळ उचलताना गुडघा किंचित मुडपतो, ते शेजारी उभं राहिल्याशिवाय दिसतच नाही.

तासाला तीन-चार रुग्ण असतील तर प्रत्येकाला सलग 10-12 मिनिटं कशी काढता? मशीन शेवटी ठेवता की मुळीच नाही? गोनिओमीटरचा (सांध्याचा कोन मोजायच्या साधनाचा) आकडा दर वेळी रुग्णाला दाखवल्याने मशीनचा हट्ट कमी होतो का? घरच्या व्यायामाचा व्हिडिओ त्याच्याच मोबाइलवर काढून देणारे कुणी असतील तर जरूर सांगा. छापील कागद सहसा फाइलमध्येच राहतो.