मदत हवी आहे: भावाच्या रिपोर्टमध्ये बीके व्हायरस, आणि डॉक्टर औषध कमी करतायत

मानेवाडा_चौक
धाकट्या भावाचं किडनी ट्रान्सप्लांट होऊन पाच महिने झाले. आईनं किडनी दिली. आता रिपोर्टमध्ये बीके व्हायरस निघाला आणि क्रिएटिनिनही वाढलं (किडनी नीट काम करत नसली की रक्तात वाढतं ते). डॉक्टर म्हणाले, मायकोफेनोलेट अर्धं करा. शरीरानं किडनी नाकारू नये म्हणून जे औषध देतात तेच कमी करायचं? तेही क्रिएटिनिन वाढलेलं असताना? ओपीडीत एवढी गर्दी की विचारायला दोन मिनिटं मिळाली नाहीत. आणि आकडा तर फक्त ४.६८ आहे, पाचाच्याही आत. या व्हायरसवर गोळी कोणती ते सांगा, मुंबईहून मागवायची असली तरी चालेल. उद्या सकाळपासून डोस बदलायचा आहे, लवकर सांगा.

गोधनी_रेल्वे
क्रिएटिनिन किती होतं, किती झालं?

लॅबवाली_ताई
दादा, ४.६८ कशातलं? रक्तातलं की लघवीतलं? आणि आकड्याच्या पुढे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघा.

काटोलची_बाग
किडनीचा त्रास असेल तर कुळथाचं पाणी सुरू करा. माझ्या काकांची पथरी महिन्याभरात पडली. सोबत गोखरूचा काढा.

सात_वर्षं_झाली
काटोलभाऊ, इथं पथरीचं कुणी विचारलंच नाही. ट्रान्सप्लांटच्या पेशंटला काढा देऊ नका. माझं स्वतःचं ट्रान्सप्लांट आहे. किडनी नाकारली जाऊ नये म्हणून घेतो त्या टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी कशानं वर जाईल आणि कशानं खाली येईल याचा नेम नसतो.

काटोलची_बाग
मी वाईट हेतूनं सांगितलं नाही. संत्रं तरी चालतं ना? घरचं आहे, पेटी पाठवतो.

सात_वर्षं_झाली
आपलं नागपुरी संत्रं टॅक्रोलिमसच्या आड येत नाही. ग्रेपफ्रूट आणि पपनस मात्र बंद. ते आतड्यातलं औषध मोडणारं एन्झाइम अडवतात आणि पातळी चढते. पोटॅशियम वाढलेलं असेल तर संत्रंही विचारूनच द्या.

मानेवाडा_चौक
संत्र्यांचं राहू द्या हो. क्रिएटिनिन १.२ होतं, आता १.९. आकडा रक्तातला आहे, पुढे 'लॉग कॉपी' असं काहीतरी लिहिलंय. गोळी सांगा.

लॅबवाली_ताई
तेच विचारत होते. हा आकडा लॉगमध्ये आहे. म्हणजे दहाचा ४.६८ वा घात, मिलीलिटरमागे व्हायरसच्या साधारण ४८,००० कॉपी. ३.६८ असता तर ४,८०० झाल्या असत्या. एका अंकाला दहापट फरक पडतो, म्हणून 'पाचाच्या आत' असं वाचू नका. लघवीत कोट्यवधी कॉपी निघाल्या तरी तेवढ्यावरून किडनी बिघडली असं म्हणत नाहीत. रक्तात १०,००० च्या वर गेलं की मात्र व्हायरस किडनीच्या पेशींत शिरला असणार असं धरून चालतात. डॉक्टर उगाच घाबरलेले नाहीत.

वर्धा_रोड_२२
बाप्पा, हाच तो मेंदूत जाणारा व्हायरस ना? मी वाचलं, माणूस काही महिन्यांत जातो.

जुनी_पानं
नाही, तो जेसी व्हायरस. दोन्ही पॉलिओमा घराण्यातले, म्हणून या दोघांची सतत गल्लत होते. १९७१ मध्ये 'लॅन्सेट'च्या एकाच अंकात दोन्ही जाहीर झाले. बीके लंडनमधल्या किडनी ट्रान्सप्लांटच्या पेशंटच्या लघवीत सापडला. जेसी सापडला हॉजकिन्सच्या (लसीकाग्रंथींच्या कॅन्सरच्या) एका पेशंटच्या मेंदूत. दोन्ही नावं त्या पेशंटांच्या आद्याक्षरांवरून पडली. जेसीमुळे पीएमएल नावाचा मेंदूचा आजार होतो. मेंदूतल्या मज्जातंतूंवरचं आवरण जातं, आणि तेही प्रतिकारशक्ती फार खचलेल्यांत. एचआयव्हीच्या साथीत तो खूप दिसला. पुढे मल्टिपल स्क्लेरोसिसवरचं नटालिझुमॅब याच आजारामुळे २००५ मध्ये बाजारातून काढलं आणि २००६ मध्ये कडक अटींवर परत आणलं. भावाच्या बाबतीत याचा विचार करत बसू नका.

दिघोरी_नाका
पॉलिओमा म्हणजे पोलिओच का? आमच्या नातीला परवाच डोस पाजला.

जुनी_पानं
काकू, काही संबंध नाही. 'पॉली' म्हणजे अनेक, 'ओमा' म्हणजे गाठ. १९५३ मध्ये लुडविक ग्रॉस यांना उंदरांत या घराण्यातला पहिला सापडला, त्यानं उंदरांना बऱ्याच ठिकाणी गाठी यायच्या. नात सुखरूप आहे.

हिंगण्याहून
मानेवाडा, सरळ लेफ्लुनोमाइडचं विचारा. माझ्या मेव्हण्याला हैदराबादला दिलं, तीन महिन्यांत व्हायरस साफ. आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून अँटिबॉडी, तेही देतात. डॉक्टर सांगत नसतील तर तुम्ही मागे लागा.

सात_वर्षं_झाली
मेव्हण्याच्या बाकीच्या गोळ्या त्याच वेळी कमी केल्या होत्या का?

हिंगण्याहून
हो, केल्या होत्या. पण फरक लेफ्लुनोमाइडनंच पडला.

सात_वर्षं_झाली
ते कशावरून? दोन्ही एकदम केलं तर श्रेय कुणाला द्यायचं? लिव्होफ्लोक्सॅसिन या अँटिबायोटिकचंही असंच वाटलं होतं. २०१४ मध्ये नीट चाचणी झाली, एका गटाला औषध, दुसऱ्याला औषध नसलेली गोळी, आणि फायदा दिसला नाही. सिडोफोव्हिर हे व्हायरसवरचं औषध तर किडनीलाच मारक. मला २०१९ ला बीके निघाला होता. नुसती औषधं कमी करून पाच महिन्यांत गेला.

हिंगण्याहून
तुमचा गेला म्हणून सगळ्यांचा जाईल? औषध कमी करून रिजेक्शन आलं, शरीरानं किडनी नाकारली, तर किडनी कोण परत देणार?

मानेवाडा_चौक
हेच माझं म्हणणं आहे! आईला दुसऱ्यांदा देता येणार नाही.

लॅबवाली_ताई
दादा, जरा शांतपणे वाचा. मोठ्या माणसांपैकी दहात आठजणांच्या अंगात हा व्हायरस लहानपणापासून असतो. किडनीत आणि मूत्रमार्गात निजलेला असतो. टी-पेशी, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी, त्याला दाबून ठेवतात, म्हणून तुम्हाआम्हाला त्याचा पत्ताही नसतो. भावाच्या टी-पेशींना गोळ्यांनी बांधून ठेवलंय, आईची किडनी वाचावी म्हणून. तेवढ्यात तो जागा झाला. आईच्या किडनीतूनही आलेला असू शकतो, पण त्यात आईचा काही दोष नाही, हे त्यांना आवर्जून सांगा. घरात ताट-वाटी वेगळी करण्याचीही गरज नाही.
बीकेसाठीच मंजूर झालेली गोळी आज नाही. टी-पेशींचे हात थोडे मोकळे करणं हाच आधी करायचा उपचार. हिंगण्याचे दादा म्हणतात ती रिजेक्शनची भीती मात्र खरी आहे. म्हणून कमी केल्यावर क्रिएटिनिन, टॅक्रोलिमसची पातळी आणि पीसीआर (व्हायरस मोजणारी तपासणी) वरचेवर बघतात. मध्ये रिजेक्शनचा उपचार झाला होता का?

मानेवाडा_चौक
दुसऱ्या महिन्यात तीन दिवस सलाइनमधून स्टेरॉइड दिलं होतं. ते सांगायचं होतं का? परवा बायोप्सी ठेवली आहे.

सात_वर्षं_झाली
राजेहो, हे दोन्ही आधी सांगायचं ना! त्या तीन दिवसांनी प्रतिकारशक्ती आणखी दबली, तिथूनच व्हायरसला वाट मिळाली असेल.

लॅबवाली_ताई
बायोप्सी अगदी योग्य. १.९ व्हायरसमुळे झालं की रिजेक्शनमुळे हे क्रिएटिनिनवरून कळत नाही, आणि दोन्हींचे उपचार उलट दिशेचे. एकात औषध कमी, दुसऱ्यात जास्त. सूक्ष्मदर्शकाखालीही दोन्हींची सूज सारखीच दिसते, म्हणून तुकड्यावर एसव्ही४० चा रंग करतात. एसव्ही४० हा माकडांतला पॉलिओमाव्हायरस. बीके त्याचा इतका जवळचा की त्याच्यासाठीचा रंग बीकेच्या पेशींनाही चढतो. रिपोर्टमध्ये ती ओळ शोधा. तोवर डोस डॉक्टरांनी सांगितला तसाच ठेवा, मनानं ना वाढवा ना आणखी कमी करा. पुढचे पीसीआर एकाच लॅबमधून करा, नाहीतर मशीन बदलल्यामुळे आकडा हलेल आणि तुम्ही उगाच घाबराल किंवा उगाच खूश व्हाल.

जुनी_पानं
संशोधन थांबलेलं नाही. व्हायरस ओळखणाऱ्या टी-पेशी बाहेरून देण्याचा प्रयोग झाला, पण बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या पेशंटांमधल्या त्याच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्या २०२३ च्या शेवटी थांबवाव्या लागल्या. व्हायरसला चिकटणाऱ्या अँटिबॉडीवरही काम चालू आहे.

हिंगण्याहून
म्हणजे विचारण्यासारखं आहे ना काहीतरी? मी तेच म्हणतोय.

लॅबवाली_ताई
विचारा की. दोन-तीन महिन्यांत आकडा उतरला नाही तर लेफ्लुनोमाइड, आयव्हीआयजीचं नक्की विचारा. पहिल्याच दिवशी मागे लागू नका एवढंच.

सात_वर्षं_झाली
मानेवाडा, बायोप्सीचं सांगतो. नवी किडनी पुढे, ओटीपोटाच्या बाजूला बसवलेली असते, त्यामुळे भाऊ पाठीवर झोपेल. नंतर काही तास उठायचं नाही, लघवी लाल दिसली तर लगेच सिस्टरला सांगायचं. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आजच डॉक्टरांच्या कानावर घाला.

मानेवाडा_चौक
इकोस्प्रिन ऑपरेशनपासून चालू आहे. आज सकाळीही घेतली. हे कुणी विचारलंच नाही, आणि मीही सांगितलं नाही. कोऑर्डिनेटर मॅडमना फोन लावतोय.