मुख्याध्यापक बदलला की शाळा बदलते का?

खाडीपल्याड: आमच्या हायस्कुलात (दापोली तालुका, एवढंच सांगतो) परवा मुख्याध्यापकांचा निरोप समारंभ झाला. 11 वर्षं होते. ते आले तेव्हा शाळा साडेदहाची आणि वरच्या वाडीची एसटी पोचायची 11 ला. पोरी रोज उशिरा, रोज वर्गाबाहेर उभ्या, आठवीनंतर एकेक करून घरी. आधीच्या साहेबांनी डेपोला पत्रं लिहिली नि फाईल केली. सरांनी शाळेची घंटाच 11:10 ला नेली. शिक्षक कुरकुरले, संस्थावालेही. पण वरच्या वाडीतून मुली दहावीला बसायला लागल्या त्या तेव्हापासून. माझी भाची त्यातलीच. शाळा कशी हे मुख्याध्यापकावर ठरतं, बाकी सगळं मागून.

गणितमास्तर: गोष्ट छान, निष्कर्ष पटला नाही. कोकण विभाग दहावीला दरवर्षी राज्यात पहिला. 2024 ला 99.01 टक्के, 2025 ला 98.82. मग रत्नागिरी-सिंधुदुर्गातले सगळेच मुख्याध्यापक थोर म्हणायचे? मी 19 वर्षांत चार पाहिले. एक देवमाणूस, एक नुसता सहीपुरता, दोन अधलेमधले. निकाल चौघांच्याही काळात तोच.

खाडीपल्याड: सर, टक्के परीक्षेला बसलेल्यांचे काढतात. वाडीतच राहिलेल्या पोरी त्यात कुठे आल्या?

चिकू: यावर अमेरिकेत काम झालंय. वॉलेस फाउंडेशनचा 2021 चा अहवाल बघा. सरासरीपेक्षा डाव्या मुख्याध्यापकाच्या जागी सरासरीपेक्षा उजवा आला, तर मुलं वर्षात गणितात साधारण 2.9 महिने आणि वाचनात 2.7 महिने जास्तीचं शिकतात, असा अंदाज त्यात मांडलाय. चांगल्या शिक्षकाचा फायदा त्याच्या वर्गाला, मुख्याध्यापकाचा अख्ख्या शाळेला.

गणितमास्तर: तिकडचा मुख्याध्यापक शिक्षक निवडतो, वर्गात बसून तास बघतो. इकडचा यू-डायस (शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती) भरतो, पोषण आहाराचा तांदूळ मोजतो, शालार्थवर पगारबिलं चढवतो. जिल्हा परिषदेत तर शिक्षक सरकारी भरतीच्या पवित्र पोर्टलवरून येतो. कोण येणार हे याला तो दारात उभा राहिल्यावर कळतं. ते आकडे इथे लावू नका.

देवगडकार: अरे बाबानू, आधी मुख्याध्यापक आसा काय ता तरी बघा! आमच्या वाडीतल्या शाळेत दोनच मास्तर. एक मुख्याध्यापक म्हणान सही मारता नि मीटिंगीक पळता, दुसरो चार वर्ग एकटो सांभाळता. आरटीईच्या (शिक्षण हक्काच्या) 2009 च्या कायद्यात पाचवीपर्यंतच्या शाळेक 150 च्या वर पट आसलो तरच मुख्याध्यापक. आमचो पट 14. पोरां चाकरमान्यांबरोबर मुंबैक गेली, पट खयसून हाडतलास?

सुरंगी: मी दोन्ही अनुभवलंय, तेही एकाच शाळेत. मी सातवीत असेपर्यंत जे मुख्याध्यापक होते त्यांना पुस्तकं हरवायची भीती, म्हणून ग्रंथालयाचं कपाट कायम कुलूपबंद. मग बाई आल्या आणि किल्ली आठवीच्या मुलांकडे दिली. बरीच पुस्तकं गेली. बाईंनी नोंदवहीत शेरा मारला, "वाचून फाटली." तेच शिक्षक, तीच कौलं गळणारी इमारत. पण शिक्षकही हळूहळू मधल्या सुट्टीत कपाटापाशी दिसायला लागले. माझे मार्क वाढले का? नाही. (गणितात तर 41 च.) पण गणितमास्तर, शाळेत जावंसं वाटणं तुमच्या निकालाच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात भरता?

गणितमास्तर: रकाना नाही, मान्य. पण बाई गेल्यावर किल्ली कोणाकडे गेली?

सुरंगी: शिपाईकाकांकडे. कपाट बंद.

गणितमास्तर: मी तेच म्हणतोय. माणसावर उभी केलेली शाळा माणसाबरोबरच जाते.

चिकू: मग माणूस महत्त्वाचा हेच सिद्ध झालं की!

खाडीपल्याड: भांडा तुम्ही. इकडे नव्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात घंटा परत साडेदहाला आणलीय. वरच्या वाडीच्या आया सोमवारी त्याच 11 च्या एसटीने शाळेत जाणार आहेत. काय होतं ते कळवतो.