उमेदवाराच्या पत्रकातली करकपातीची आश्वासनं: सभेत नेमकं काय विचारायचं?

नीराकाठ
मंडळी, आमच्या मतदारसंघात विधानसभेची पोटनिवडणूक आहे. सोसायट्यांनी मिळून रविवारी उमेदवारांना बोलावलंय. आधी भाषणं, मग लेखी प्रश्न. एका पक्षाच्या उमेदवाराच्या पत्रकात पाच गोष्टी आहेत: पेट्रोल-डिझेल जीएसटीत, व्यवसाय कर रद्द, लहान घरांना घरपट्टी माफ, मुद्रांक शुल्क निम्मं आणि लाडक्या बहिणींना 1500 ऐवजी 2100. सगळे मुद्दे लोकांच्या जिव्हाळ्याचे, पण यातलं आमदाराच्या हातात किती? ‘कधी करणार’ विचारलं की ‘लवकरच’ म्हणून सुटका करून घेतात. पळवाट राहणार नाही असे प्रश्न सुचवा.

हिशेबनीस
आधी प्रत्येक कराचा मालक कोण ते बघा. पेट्रोल जीएसटीत आणणं जीएसटी परिषदेच्या हाती. तिथे केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सर्व राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. केंद्र नाही म्हणालं तर सगळी राज्यं एक होऊनही ठराव पडतो. शिवाय तिथे राज्याचा मंत्री बसतो, आमदार नाही. त्यामुळे या मुद्द्यावर वेळ घालवू नका, थेट व्हॅटवर, म्हणजे पेट्रोल-डिझेलवरच्या विक्रीकरावर या. तो पूर्णपणे राज्याचा.

जुलै 2024 मध्ये मुंबई, ठाणे, नवी मुंबईतला डिझेलवरचा व्हॅट 24 वरून 21 टक्क्यांवर आणि पेट्रोलवरचा 26 वरून 25 टक्क्यांवर आणला. पेट्रोलवर लिटरमागे 5 रुपये 12 पैसे वेगळे. समजा, व्हॅट लागण्याआधीची रक्कम 75 रुपये आहे. 25 टक्क्यांचे 18.75, वर 5.12, असा राज्याचा कर 23.87 रुपये. दर एक टक्क्याने उतरवला तर ग्राहकाच्या हाती 75 पैसे. लिटरमागचा आकार काढला तर 5 रुपये 12 पैसे. आणखी एक, तेल महागलं की टक्केवारीतला कर आपोआप वाढतो, ठोक आकार वाढत नाही. म्हणून विचारा: यातलं काय कमी करणार आणि कितीने?

तळटीप
व्यवसाय कर, म्हणजे पगारदारांच्या पगारातून दरमहा कापला जाणारा कर, राज्याच्या कायद्याने लागतो, त्यामुळे तो रद्द करणं शक्य आहे. पण फायदा केवढा ते लोकांना सांगा. राज्यघटनेनेच वर्षाला 2500 रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. आपल्याकडे तो अकरा महिने 200 आणि फेब्रुवारीत 300 असा कापतात. महिन्याला 25,000 पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना एप्रिल 2023 पासून तो माफच आहे.

मुद्रांक शुल्क कमी करायला विधेयक लागतंच असं नाही. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम 9 खाली शासन आदेश काढून सवलत देऊ शकतं. 2020 मध्ये सप्टेंबर ते डिसेंबर 3 टक्के आणि पुढे मार्च 2021 पर्यंत 2 टक्के सूट दिली होती. अडचण ‘निम्मं’ या शब्दात आहे. पुण्यात एकूण 7 टक्के बसतात: मूळ 5, एलबीटीच्या (स्थानिक संस्था कराच्या) बदल्यातला 1 आणि मेट्रोचा 1. 60 लाखांच्या फ्लॅटला 4 लाख 20 हजार. निम्मं करताना महापालिकेचा आणि मेट्रोचा वाटाही कापणार का, हे विचाराच. आणि सवलत कायमची की मुदतीची? मुदतीची असेल तर लोक आधी खरेदी थांबवतात, मग शेवटच्या आठवड्यात निबंधक कार्यालयात रांगा लागतात.

वॉर्ड_क्रमांक_सात
घरपट्टीबद्दल मुंबईचा अनुभव छापूनच न्या. 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना माफीची घोषणा झाली, 2019 मध्ये प्रत्यक्षात फक्त ‘सर्वसाधारण कर’ माफ झाला. देयकातले बाकीचे कर तसेच राहिले आणि लोकांच्या हाती बिलं पडत राहिली. पूर्ण माफीचा निर्णय जानेवारी 2022 मध्ये झाला. तेव्हा घरपट्टीचं एक देयक हातात धरून विचारा की यातल्या कोणकोणत्या ओळी शून्य होणार. क्षेत्रफळ चटईचं की बांधीव? आणि पालिकेचं बुडालेलं उत्पन्न राज्य भरून देणार का? नाही म्हणाले तर पाणीपट्टी वाढेल किंवा रस्ते रखडतील, हे मतदाराला आधी कळायला हवं.

नीराकाठ
फार उपयोगी. 2100 चं काय? आणि निवडून आल्यावर त्याने स्वतः विधेयक मांडलं तर?

हिशेबनीस
महिना 600 जादा, म्हणजे वर्षाला बाईमागे 7200. दर एक कोटी लाभार्थ्यांमागे 7200 कोटी. 2025-26 च्या राज्याच्या अर्थसंकल्पात महसुली तूटच (महसुलापेक्षा जास्तीचा महसुली खर्च) 45,891 कोटी दाखवली होती. एकीकडे कर कमी आणि दुसरीकडे खर्च जास्त, तर कोणतं खातं कापणार की कर्ज काढणार, याचं उत्तर आकड्यात मागा.

विधेयकाचं म्हणाल तर कर लावणारं किंवा राज्याच्या तिजोरीवर बोजा टाकणारं विधेयक राज्यपालांच्या शिफारशीशिवाय पुढे सरकत नाही, आणि ती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने मिळते. कर कमी करण्याच्या दुरुस्तीला ही शिफारस लागत नाही. मात्र पक्षाने व्हिप (कसं मत द्यायचं याचा आदेश) काढला आणि याने विरोधात मत दिलं, तर राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीखाली, म्हणजे पक्षांतरबंदीच्या तरतुदींखाली, आमदारकी जाऊ शकते. तेव्हा ‘मी करेन’ हे त्याच्या एकट्याच्या हाती नाही. ‘पक्षाच्या जाहीरनाम्यात हे आहे का, पान दाखवा’ असं म्हणा.

त्याच्या हातात नक्की काय आहे? तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्थसंकल्पावरची चर्चा, पुरवणी मागण्यांवर बोलणं. यातलं पहिल्या अधिवेशनात कोणत्या विषयावर काय मांडणार, हे सहीनिशी लिहून घ्या.

तळटीप
सभेआधी त्याचं उमेदवारी अर्जासोबतचं, नमुना 26 मधलं प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. मागच्या पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणपत्रांतलं उत्पन्न, मालमत्ता आणि थकीत देणी त्यात असतात. प्रश्न पाचच ठेवा, प्रत्येकात एकच आकडा मागा. दोन प्रश्न एकत्र केले की सोप्या अर्ध्याचं उत्तर मिळतं.